दहावी झाली, आता याला कुठे टाकू? बडोद्यात आयटीआय आणि अप्रेंटिसशिप नीट कशी करायची

मागच्या महिन्यात आमच्या युनिटला चार पोरं आली होती इंटरव्ह्यूला. चौघांकडे सर्टिफिकेट, तेही मस्त लॅमिनेशन करून, फोल्डरमध्ये लावून. मी काही विचारलं नाही, टर्निंग केलेली एक पिन आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात दिला, म्हटलं डाया, म्हणजे व्यास सांग. मेन स्केलवर तेवीस दिसत होते आणि व्हर्नियरची सतरावी रेघ बरोब्बर जुळत होती. एकाने सांगितलं तेवीस पॉइंट सतरा. दुसऱ्याने पण तेच, पहिल्याचं ऐकून. तिसरा नुसता फिरवत बसला. चौथा पोरगा जरा खेड्यातला वाटत होता, बडोद्याजवळच्या पोर नावाच्या गावात एका छोट्या वर्कशॉपात वर्षभर अप्रेंटिस होता, त्याने लीस्ट काउंट (व्हर्नियरच्या एका रेघेची किंमत) बघितला, ०.०२, सतरा गुणिले दोन चौतीस, म्हणाला साहेब २३.३४. त्यालाच घेतला.

मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत, सुपरवायझर आहे, बावीस वर्षं झाली, आणि दरवर्षी मे-जून आला की दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या ओळखीच्या घरांतून तोच फोन येतो, "भाऊजी, याला कुठेतरी लावून द्या ना". एकेकाला तासभर समजवण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो. मी फॅक्टरीवाला आहे त्यामुळे फॅक्टरीच्या बाजूनेच सांगणार, नर्सिंग नी हॉटेल मॅनेजमेंटचं मला विचारू नका.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. सरकारने स्किलवर खूप योजना काढल्यात, २०१४ ला वेगळं मंत्रालयच काढलं, २०१५ च्या जुलैत पीएमकेव्हीवाय (प्रधानमंत्री कौशल विकास योजना, शॉर्ट कोर्सवाली) आली, तिचे एकामागून एक अवतार येत राहिले, पण माझ्या अनुभवात गेटच्या आत नेणारा रस्ता एकच आहे, आयटीआयचा नीट ट्रेड (कामाची शाखा) आणि त्यावर वर्षभराची रजिस्टर झालेली अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात स्टायपेंड घेऊन काम शिकणं. बाकी शॉर्ट कोर्स हे लोणच्यासारखे, ताटात पोळीभाजी असेल तर छान लागतात, नुसतं लोणचं खाऊन पोट भरत नाही.

फॉर्म भरायच्या आधी चक्कर मारा

लोक उलटं करतात. आधी ॲडमिशन मिळेल तो ट्रेड घेतात आणि दोन वर्षांनी नोकरी शोधतात. तुम्ही एक दिवस काढा, पोराला स्कूटरवर मागे बसवा आणि मकरपुरा जीआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवरून हळूहळू फिरा. गेटवर बोर्ड लावलेले असतात, "पाहिजेत" म्हणून, बहुतेक गुजरातीत. सीएनसी ऑपरेटर, व्हीएमसी सेटर, टर्नर, फिटर, आर्गन वेल्डर, इलेक्ट्रिशियन. वहीत लिहून घ्या कुठला शब्द किती वेळा दिसला. जमलं तर दुसऱ्या दिवशी वाघोडिया किंवा सावली गावाची बाजू. नंदेसरीला गेलात तर बोर्डच बदलतात, तिथे केमिकल प्लांट ऑपरेटर नी इन्स्ट्रुमेंटवाले मागतात. ही तुमची स्वतःची पॉलिसी रिपोर्ट, फुकटात.

ही आयडिया माझी नाहीये खरं तर. सयाजीराव महाराजांनी १८९० ला बडोद्यात कलाभवन काढलं, प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख, तिथे रंगाईपासून मेकॅनिकलपर्यंत हाताने करायचं शिक्षण होतं, दादासाहेब फाळकेसुद्धा तिथे शिकले. आणि १९०७ ला अलेम्बिक सुरू झाली ती कोणी केली, तर गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी. म्हणजे शिकवणारा माणूसच पुढे कारखाना काढतो, त्यामुळे काय शिकवायचं हे त्याला वेगळं सर्व्हे करून कळवावं लागत नाही. आता ते कलाभवन म्हणजे आपल्या एमएस युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी, रोज बसमधून दिसतं, पण कोणी बघत नाही. असो.

ट्रेड कुठला घ्यायचा. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे दोन वर्षांचे. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, आणि कॉम्प्युटरवाला कोपा हे एक वर्षाचे. आणि एक ट्रेड आहे ज्याचं नाव ऐकून आया नाक मुरडतात, अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, सगळे त्याला एओसीपी म्हणतात. "अटेंडंट" म्हटलं की त्यांना दवाखान्यातला वॉर्डबॉय दिसतो! अहो वहिनी, कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालतेय, बाजूला जीएसएफसीचा खत कारखाना आहे, नंदेसरीत केमिकलवाले आहेत, या सगळ्यांना व्हॉल्व्ह, पंप, रिॲक्टर सांभाळणारा माणूस लागतो, तो हाच. आपल्या शहराला सगळ्यात जास्त चिकटून बसणारा ट्रेड हा आहे आणि मराठी घरांतून तिकडे कोणी जातच नाही, सगळ्यांना कोपा पाहिजे कारण एसीत बसायला मिळतं. कोपा वाईट नाही पण कोपा करून पोरं मोबाईलच्या दुकानात बसलेली मी मोजून सात बघितलीत.

विमानाचं पण बोलून घेऊ. टाटांची सी-२९५ ची असेंब्ली लाइन २८ ऑक्टोबर २०२४ ला बडोद्यात सुरू झाली, ५६ पैकी ४० विमानं इथे बनणार. तेव्हापासून प्रत्येक काकांना वाटतं की आपला पोरगा विमान बनवणार. बनवेलही, पण तिथे लागणारी पोरं थोडी आणि नीट निवडलेली, शीट मेटल, ड्रिलिंग, रिव्हेटिंग हाताला बसलेलं पाहिजे. त्या एका नावावर दोन वर्षं लावू नका, फिटर चांगला केला असेल तर तो विमानाला पण चालतो आणि सावलीला मेट्रोचे डबे बनतात तिथे पण चालतो.

मुलींसाठी बडोद्यात महिलांची एनएसटीआय (नॅशनल स्किल ट्रेनिंग इन्स्टिट्यूट) आहे, केंद्र सरकारची, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तिथे इन्स्ट्रक्टर बनायचा वर्षाचा कोर्स असतो, सीआयटीएस म्हणतात, आयटीआयमध्ये शिकवायला जायचं असेल तर तो बघा.

गोरवा आणि तरसाली, या दोन सरकारी आयटीआय आधी टाका चॉइसमध्ये. प्रायव्हेटला जायचंच असेल तर ॲडमिशनच्या आधी वर्कशॉप बघायला मागा. लेथवर धूळ आहे की तेल, एवढंच बघायचं. धूळ असेल तर परत फिरा. आणि एनसीव्हीटीचं ॲफिलिएशन, म्हणजे केंद्राची मान्यता, त्याच ट्रेडला आहे का ते विचारा, कारण एका ट्रेडचं ॲफिलिएशन दाखवून दुसऱ्या ट्रेडला पोरं भरणारे पण असतात.

कागद

यात लोक इतके अडकतात की वेगळं लिहितो. मार्कशीटवर आपलं नाव आडनाव आधी असतं आणि आधारवर आडनाव शेवटी, हे ठीक आहे, पण स्पेलिंग? पवारचं इंग्रजी स्पेलिंग मार्कशीटवर डब्ल्यूने आणि आधारवर व्हीने, शिंदेचं एका ठिकाणी एच आहे एका ठिकाणी नाही, कारण शाळेतल्या क्लार्कने गुजराती उच्चारावरून लिहिलेलं असतं. पोर्टलवर केवायसी तिथेच अडकते. हे दहावीच्या सुट्टीतच दुरुस्त करा, अप्रेंटिसशिपची ऑफर आल्यावर नाही, तेव्हा पंधरा दिवस पण मिळत नाहीत.

बँक खातं पोराच्या स्वतःच्या नावाचं, आणि आधार नुसतं लिंक नाही तर सरकारचे पैसे त्याच खात्यात येतील असं सीडिंग झालेलं पाहिजे, बँकेत जाऊन "डीबीटीसाठी सीडिंग" हेच शब्द वापरा नाहीतर ते केवायसीचा फॉर्म देऊन परत पाठवतात. एलसी, मार्कशीट, कास्ट सर्टिफिकेट, सगळ्याचे स्कॅन मोबाईलमध्ये आणि ईमेलवर. आणि लॅमिनेशन करू नका बाबांनो, मागे शिक्का मारायचा असला की फाडावं लागतं.

अप्रेंटिसशिप, खरी गोष्ट इथे आहे

कायदा जुना आहे, १९६१ चा, २०१४ ला मोठा बदल झाला आणि २०१९ ला नियम बदलले. तुमच्या कामाचं एवढंच, ज्या कंपनीत ३० किंवा जास्त माणसं आहेत, कॉन्ट्रॅक्टवरची धरून, तिला एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीसवाल्यांची मर्जी. म्हणजे तुम्ही गेटवर जाऊन भीक मागत नाही आहात, कंपनीला पण तुमची गरज आहे, एचआरला कोटा भरायचा असतो. बोलताना हे डोक्यात ठेवा, बोलून मात्र दाखवू नका.

स्वतः रजिस्टर करायचं अप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर, आयटीआयवाल्यांनी आणि दहावी-बारावीवाल्यांनी. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांचं वेगळं पोर्टल आहे, नॅट्स, ते शिक्षण मंत्रालयाकडे असतं, बीए-बीकॉमवाल्यांना पण आता तिथे जागा असतात. पैसे कुठेच लागत नाहीत. कोणी "ओळखाण लावून देतो, दहा हजार" म्हणालं तर तिथूनच नमस्कार करा.

आता नीट लक्ष द्या. अप्रेंटिस दोन प्रकारचे, डेसिग्नेटेड ट्रेड आणि ऑप्शनल ट्रेड. डेसिग्नेटेड म्हणजे फिटर, टर्नर, एओसीपी असे ठरलेले ट्रेड, शेवटी सरकारी परीक्षा आणि एनएसी, म्हणजे नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट. ऑप्शनल म्हणजे कंपनीने स्वतः बनवलेला कोर्स, सहा महिन्यांपासून जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत, नाव असतं "असेंब्ली ऑपरेटर" वगैरे. शिकायला दोन्हीत मिळू शकतं, पण उद्या रेल्वे नाहीतर सरकारी कंपनीचा फॉर्म भरायचा असेल तर ते एनएसी मागतात. आमच्याच गल्लीतला एक पोरगा चांगल्या कंपनीत वर्षभर राबला आणि मग कळलं की त्याचा ऑप्शनल होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, त्याने पण विचारलं नव्हतं. सही करायच्या आधी विचारायचा पहिला प्रश्न हाच.

दुसरा प्रश्न, कॉन्ट्रॅक्ट पोर्टलवर रजिस्टर झालं का आणि त्याचा नंबर काय. नंबर नसेल तर तुम्ही अप्रेंटिस नाही, स्वस्तातले हेल्पर आहात. लॉगिन करून स्वतः बघा, एचआरच्या "होऊन जाईल ने" वर राहू नका.

स्टायपेंड. २०१९ च्या नियमात कमीत कमी आकडे ठरले, पाचवी ते नववीवाल्याला महिना ५,०००, दहावी पास ६,०००, बारावी पास आणि आयटीआय ७,०००, डिप्लोमा ८,०००, डिग्री ९,०००. दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी पंधरा. आकडे वाढवायची चर्चा चालूच असते, सही करायच्या दिवशी पोर्टलवरचा चालू आकडा बघून घ्या. यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५००, केंद्र सरकार देतं आणि २०२३ पासून तो कंपनीला न देता सरळ पोराच्या खात्यात येतो. इथे दर वर्षी एक तरी भांडण होतं. सात हजार ठरलेले, स्लिपवर साडेपाच, बाबा तावातावाने गेटवर येतात, कंपनीने दीड हजार खाल्ले म्हणून. खाल्ले नसतात, सरकारच्या बाजूने यायचे असतात आणि सीडिंग झालेलं नसल्यामुळे लटकलेले असतात. म्हणून वर कागदांवर एवढं डोकं खाल्लं तुमचं.

कायद्यात अप्रेंटिस हा कामगार नाही, ट्रेनी आहे. पीएफ कापत नाहीत. वर्ष संपल्यावर नोकरी द्यायला कंपनी बांधील नाही. पण त्याच कायद्यात ओव्हरटाइमला मनाई आहे, अप्रेंटिसशिप ॲडव्हायझरची (सरकारी अधिकारी असतो) परवानगी असल्याशिवाय थांबवून घेता येत नाही. आणि कामावर लागलं-खुपलं तर नुकसानभरपाई कंपनीवर असते. मी सुपरवायझर असून सांगतो, डिस्पॅचची घाई असली की अप्रेंटिसला "जरा थांब ने" म्हणणारे आम्हीच असतो. पोराने पहिल्या दिवशी भांडू नये, पण माहीत असावं. आणि बारा महिने त्याला एकाच प्रेसवर उभं केलं असेल तर मात्र बोलावं, लेखी बोलावं, कारण सिलॅबस ठरलेला असतो आणि परीक्षेत प्रेसचं एकटंच विचारत नाहीत. स्वस्त हात म्हणून अप्रेंटिस भरायचे, वर्ष झालं की नवी बॅच, हा खेळ चालतो, नाही म्हणणार नाही. तरी कागदाशिवाय कॉन्ट्रॅक्टरकडे तीन वर्षं काढण्यापेक्षा हे परवडतं, निदान वर्षाच्या शेवटी हातात एनएसी असतं.

रेल्वेचं वेगळं सांगतो कारण प्रतापनगरचं वर्कशॉप आपल्या दारात आहे. वेस्टर्न रेल्वेची ॲक्ट अप्रेंटिसची (अप्रेंटिस कायद्याखाली घेतात ते) नोटिफिकेशन निघते, परीक्षा नसते, दहावीचे टक्के आणि आयटीआयचे टक्के यांची सरासरी काढून मेरिट लागतं. म्हणजे "आयटीआयलाच जायचंय, दहावीत पास झाला तरी बस" हे जे घरोघरी बोलतात ना, ते चूक. दहावीतले पाच टक्के तिथे पाच वर्षांनी पण आडवे येतात. रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना लेव्हल वनच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या भरतीत वीस टक्के जागा राखीव असतात, पण भरतीची परीक्षा द्यावीच लागते. रिफायनरीची पण नोटिफिकेशन येते, आणि तिथे अटेंडंट ऑपरेटरला बीएस्सीवाले घेतात, तर एमएसयूतून बीएस्सी करून घरी बसलेल्यांनी ते जरूर बघावं.

शॉर्ट कोर्स आणि बाकीच्या योजना

माझ्या भाचीने तीन महिन्यांचा फुकट कोर्स केला, एका प्रायव्हेट सेंटरमध्ये, नाव घेत नाही. चार जणींत एक कॉम्प्युटर, सकाळी अंगठा लावून अर्ध्या जणी घरी, आणि सर्टिफिकेट आलं आठ महिन्यांनी, त्यावर नाव चुकलेलं. प्लेसमेंट म्हणून जे दाखवलं ते वीस किलोमीटर लांब, भाडं जाऊन हातात काही नाही. सगळी सेंटर अशी नसतात हे मला पण माहितीये, म्हणून जायच्या आधी त्याच सेंटरच्या मागच्या बॅचमधल्या दोघांचे नंबर मागा. सेंटरवाला द्यायला काचकूच करायला लागला की समजून घ्या. स्किल इंडिया डिजिटल हबवर कोर्स बघता येतात, लेव्हल पण लिहिलेली असते.

आरपीएल मात्र कामाची चीज आहे, आणि ती पोरांसाठी नाही, मामा-काकांसाठी आहे. वीस वर्षं वेल्डिंग केलंय पण कागद नाही, अशांचं काम तपासून सर्टिफिकेट देतात, लांब कोर्स करावा लागत नाही. आखातात जायचं असेल नाहीतर मोठ्या कॉन्ट्रॅक्टरकडे गेटपास पाहिजे असेल तर उपयोग होतो. सुतार, शिंपी, गवंडी, लोहार, कुंभार असे पिढीजात धंदे असतील तर पीएम विश्वकर्मा, २०२३ च्या सप्टेंबरपासून, अठरा धंदे आहेत त्यात, ट्रेनिंगचे रोजचे ५००, अवजारांसाठी १५,००० आणि पाच टक्क्यांनी आधी एक लाख मग दोन लाख कर्ज. एका घरातून एकालाच मिळतं, त्यामुळे लग्न न झालेल्या दोन भावांनी आधी घरात ठरवा.

पीएम इंटर्नशिप २०२४ ला सुरू झाली तेव्हा २१ ते २४ वयाच्यांसाठी होती, बारा महिने, महिना ५,००० आणि सुरुवातीला एकदा ६,०००. ऑफिस बघायला मिळतं, बीकॉमवाल्यांना ठीक आहे. फिटरने त्याच्या मागे लागू नये.

आणि २०२५ मध्ये साठ हजार कोटींची ती एक हजार आयटीआय सुधारायची स्कीम आलीये, पीएम-सेतू, त्यात इंडस्ट्रीने पण पैसे घालायचेत आणि चालवण्यात भाग घ्यायचाय. होऊ दे, चांगलं आहे. पण तुमचा पोरगा या जूनला बसणार आहे, नवीन मशीन येईपर्यंत त्याने थांबायचं नाहीये, आहे त्या लेथवर हात बसवायचा आहे.

आयटीआय झाल्यावर शिक्षण बंद असं समजू नका. गुजरातमध्ये सी टू डी आहे, म्हणजे दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या सरळ दुसऱ्या वर्षाला, आणि पुढे डी टू डी करून डिग्रीला. माझ्या हाताखालचा एक पोरगा असाच गेला, आज दुसऱ्या कंपनीत क्वालिटीला इंजिनिअर आहे, मला सेव-उसळ खायला घालतो अधूनमधून. तर आयटीआय म्हणजे ढ मुलांचं, हे आत्याबाईंचं वाक्य कानाआड करा. ॲडमिशनची तारीख चुकली की वर्ष जातं, म्हणून आयटीआयचं शेवटचं वर्ष चालू असतानाच चौकशी करून ठेवायची.

ज्यांचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, आपल्यात आहेत बरेच मकरपुऱ्यात, त्यांनी पण दोन अप्रेंटिस रजिस्टर करून घ्या. चार माणसं असली तरी चालतं. स्टायपेंडमधला हिस्सा सरकार देतं आणि वर्षभर बघितलेला पोरगा पुढे ठेवायचा की नाही हे तुम्हाला इंटरव्ह्यूपेक्षा जास्त कळतं.

शेवटचं, पोरांसाठी. पहिल्या दिवसापासून एक वही करा, रोज कुठल्या मशीनवर काय जॉब केला, कुठलं टूल, काय चुकलं, दोन ओळी. कायद्याने रेकॉर्ड ठेवायचंच असतं, पण बहुतेक जण शेवटच्या आठवड्यात एकाच पेनाने वर्षभराचं लिहून आणतात, आणि आम्हाला ते दिसतं, सही करताना हसू येतं. दर शनिवारी सुपरवायझरची सही घ्या. तो टाळाटाळ करेल, चहा पिताना गाठा. आणि एनएसी हातात आलं की काउंटरवरच उभं राहून नाव, ट्रेड, जन्मतारीख वाचा, घरी जाऊन नाही, घरी गेलात की दुरुस्तीचे तीन महिने.